खिडकीची पिशवी

"बाजूले व्हय, उजेड अडस," आई मान वर न करता म्हणाली.

मी दारात उभी होते. शनिवारी दुपारची बस धरून मी धुळ्याहून पिंप्राळ्याला यायचे तेव्हा दार नेहमी उघडंच असायचं. वाऱ्यासाठी ठेवते, असं ती सांगायची. एप्रिलात जळगावला वारा येतो तो भट्टीचं तोंड उघडल्यासारखा. त्याच्यासाठी कोणी दार उघडं ठेवत नाही. कडी वाजवलेली तिला ऐकू येत नसे, हे खरं कारण होतं. ते आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि दोघींनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी माझी सावली फरशीवरून तिच्या हातापर्यंत गेली, तेव्हा मी आल्याचं तिला कळलं.

ती जाड पारदर्शक प्लास्टिक कापत बसली होती. नवी ब्लँकेटं ज्या पिशवीत घालून विकतात, ती पिशवी. शेजारी काळ्या रेक्झिनचं एक पाकीट उसवून पालथं पडलं होतं. पाठीमागे त्याला पट्ट्यात ओवायचे दोन बंद होते.

मी तोंडावरचा स्कार्फ सोडला आणि तिच्यासमोर जाऊन बसले. आईशी बोलायचं तर समोर बसून, ओठ दिसतील असं, उजेडाकडे तोंड करून बोलायचं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

"काय चाललंय?"

"पिशवीले खिडकी लावस."

"कसली पिशवी?"

"नवं मशीन उनं गोडाऊनमा. कानमा बोलस ते. कंबरले बांधनं आन् चालनं. पन बठ्ठं झाकेल ऱ्हास, त्यानं तोंडच दिसत नही." तिने कात्री खाली ठेवली. "मी म्हनलं, ज्याना संगे दिवसभर ऱ्हानं, त्यानं तोंड तं दिसाले पाहिजे."

ती हसली. मीही हसले. ते पाकीट उचलून पाहत मी विचारलं, "कानात काय बोलतं?"

"हिंदी बोलस. पोरीना आवाज शे," ती म्हणाली. मग प्लास्टिकची कड दाताने सरळ करता करता म्हणाली, "पुष्पा सांगे."

पोरीचा आवाज आहे, हे तिला दुसऱ्या कोणाकडून कळलं होतं, एवढं तिने मला त्या दोन शब्दांत सांगून टाकलं. त्याहून जास्त ती कधी बोलली नव्हती. मी उठून चहा ठेवला.

आई जानेवारीत गेली. झोपेतच गेली, सकाळी शेजारच्यांनी मला फोन केला. तेव्हापासून तिच्याबद्दल लोकांशी बोलताना मला तिचं काम समजावून सांगावं लागतं. गोडाऊनमध्ये होती म्हटलं की लोकांना हमाली डोळ्यासमोर येते किंवा झाडलोट. आई माल काढायची. एमआयडीसीत ठिबकच्या सुट्या भागांचं एक मोठं गोडाऊन आहे. छतापर्यंत लोखंडी खण, खणाखणांत जोडण्या, झडपा, गाळण्या, नळ्यांची टोपणं. शिरपूरच्या, साक्रीच्या, मुक्ताईनगरच्या दुकानदारांनी मागवलेला माल त्या खणांतून वेचून ट्रॉलीत ठेवायचा, हे तिचं काम.

त्याआधी ती दाळ मिलमध्ये होती. नाना, म्हणजे माझे वडील, गेले आणि ती तिथे लागली. चाळण्या आणि पॉलिशरच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या सगळ्या बायका ओठांवरून बोलणं ओळखायच्या. एकमेकींच्या सासवांच्या नकला त्या आवाज न करता करायच्या आणि पोट धरून हसायच्या. लहानपणी मी डबा द्यायला गेले की मला ते मुक्या बायकांचं नाटक वाटायचं. आईचे कान नेमके कधी गेले ते म्हणूनच कोणाला कळलं नाही. तिलाही बहुधा उशिराच कळलं असावं.

ताईबाईचं मात्र कळलं. ताईबाई आईच्या शेजारी बसून दाळ निवडायची. एक दिवस ट्रक मागे येत होता, सगळे ओरडत होते आणि ताईबाई पाठ करून सुपाने दाळ पाखडत उभी होती. तिला काही झालं नाही. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला. संध्याकाळी शेठने तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ताईबाई आमच्याच गल्लीत राहायची. पुढे ती ओट्यावर बसलेली असायची आणि येणारे-जाणारे तिला हाताने खुणा करायचे, जेवलीस का, चहा घेतलास का. हळूहळू तेवढंही कमी झालं. तिच्याकडे पाहून लोक नुसती मान हलवून पुढे जायला लागले.

"असं ओट्यावर बसनं माले जमावं नही," आई एकदा म्हणाली होती. विषय ताईबाईचा होता. मी म्हटलं, तू कशाला बसशील. ती म्हणाली, तेच तं.

गोडाऊनमधलं पहिलं मशीन तिला फार आवडायचं. पिवळं-काळं, बंदुकीच्या मुठीसारखी मूठ, कडांना जाड रबर, वीट उचलल्यासारखं वजन. शिडीवरून काँक्रीटवर पडलं तरी उचलून पुसायचं आणि पुढे चालायचं. पडद्यावर खणाचा नंबर आणि नग यायचे. खणावरच्या पट्ट्यांवर लाल उजेड पाडला की बरोबर असेल तर मुठीत एक धक्का बसायचा, चूक असेल तर दोन. ते बीपही करायचं म्हणे. आईला धक्का पुरत होता. "हातले कळस," ती सांगायची. माझ्या तळहातावर अंगठा दाबून तिने मला तो धक्का कसा असतो तेही दाखवलं होतं.

त्या मशीनवर तिची वर्षं चांगली गेली. सकाळी डबा, रिक्षात मिलपासूनची पुष्पाबाई शेजारी, दुपारी बायकांच्या घोळक्यात जेवण. रात्री आठला ती मला फोन करायची आणि बोलत सुटायची. कोणी काय भाजी आणली, कोणाच्या सुनेने काय तोंड केलं, फोर्कलिफ्टवाल्या झुलालने नवी मोटरसायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी गेटला धडकवली. मध्ये थांबायची नाही. थांबली तर मी काहीतरी विचारेन आणि तिला उत्तर द्यावं लागेल. शेवटी "बरं, ठेवस आते" म्हणून फोन बंद.

एकदाच मी मध्ये बोलले. माझं आणि राजदीपचं लग्न ठरत आलं होतं, ते मोडलं, त्या रात्री. तिने श्वास घेतला त्या फटीत मी म्हटलं, "आई, राजदीपचं मोडलं गं." मग ती म्हणाली, "हां. भाकर खाई ले आते, उशीर झाया."

शनिवारी घरी गेल्यावर मी तिच्यासमोर बसून तेच पुन्हा सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग उठली, माझ्या ताटात तिच्या पानातली वांग्याची फोड टाकली आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागली. नळ चालू नव्हता.

नव्या मशीनचं गोडाऊनमध्ये मोठं कौतुक होतं. ते हातात धरायचं नाही. पिशवीत घालून कमरेला बांधायचं आणि डोक्यावर चढवायची एक कडी, तिला एका कानापुरता फोन आणि तोंडापाशी वाकलेला माईक. मशीन कानात सांगतं, गल्ली सात, खाना बारह. आपण तिथे जायचं, खणावर चिकटवलेला आकडा मोठ्याने वाचायचा. बरोबर असेल तर ते किती नग घ्यायचे ते सांगतं; घेतले की म्हणायचं, लिया. दोन्ही हात मोकळे, डोळे समोर. दुसरा कान फोर्कलिफ्टसाठी उघडा.

काम सुरू करण्याआधी प्रत्येकीला त्याला आपला आवाज शिकवावा लागे. सुपरवायझर किरणने एकेकीला ऑफिसात बसवलं. पडद्यावर शब्द येतील, ते वाचायचे, पुन्हा पुन्हा, नेहमी बोलता तसे. आई सातवीपर्यंत शिकलेली. वाचणं तिच्या हातचं होतं. एक, दो, तीन, लिया, खाली, फिरसे.

त्या रात्रीचा तिचा फोन मला आठवतो. आवाजात एक वेगळी उभारी होती.

"पुष्पाना आवाज त्याले पाच डाव समजना नही. 'फिरसे बोलिए, फिरसे बोलिए.' पुष्पा म्हने, मनी सासूबी इतकी छळत नव्हती. आन् मनं बठ्ठं पहिला डावमा समजनं. किरण म्हने, अक्का, तुमना आवाज एकदम खणखणीत. मी म्हनलं, मंग? मी जे सांगस ते त्याले बठ्ठं समजस."

मी धुळ्याच्या माझ्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होते. ते काय सांगतं ते तुला समजतं का, असा प्रश्न मनात आला. विचारून उपयोग नव्हता.

तर ती खिडकीची पिशवी. मशीनला पडदा होता, आणि कानात जे बोललं जाई ते त्या पडद्यावर एका बारीक ओळीत येई. पण तो पाहायचा नसतो म्हणून पाकिटाला वरून झाकण होतं. आईने झाकण काढलं आणि त्या जागी ब्लँकेटच्या पिशवीची खिडकी बसवली. बंद असे लावले की मशीन किंचित वर तोंड करून राहावं. मान जराशी वाकवली की ओळ दिसे. सोमवारी ती पिशवी बांधून कामावर गेली आणि कोणी विचारलंच तर काय सांगायचं ते तिने मला रविवारी रात्री दोनदा म्हणून दाखवलं होतं: हिंदी माले कच्ची शे, वाचेल बरं पडस.

मला वाटलं, आठवड्यात कोणाच्या तरी लक्षात येईल. सगळ्या गोडाऊनमध्ये एकाच बाईच्या कमरेला खिडकी. मी त्या आठवड्यात वर्गात शिकवताना मध्येच थांबत होते.

पण पुढच्या शनिवारी मी आले तर घरात तीन पाकिटं उसवलेली पडली होती.

"पुष्पाले पाहिजे. रत्नाले पाहिजे. वच्छलाबाईले कडले गुलाबी बायपिन लाईसन पाहिजे," आई सुई ओवत म्हणाली. ती वैतागल्याचं दाखवत होती. "बठ्ठ्यासनी फॅशन करी टाकी."

त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी. कॉलनीतल्या घरांतून ब्लँकेटच्या पिशव्या मागून आणायचं काम माझ्याकडे आलं. कोणी पिशवीवर मोर भरून घेतला. मे महिना संपेपर्यंत गोडाऊनमधल्या बहुतेक बायकांच्या कमरेला खिडक्या होत्या, आणि त्या सगळ्या मधूनमधून मान वाकवून पडदा पाहत होत्या. आई त्यांच्यातली एक झाली. एका रविवारी ती दुपारी गाढ झोपली, तोंड उघडं टाकून. मी तिला असं झोपलेलं फार दिवसांनी पाहिलं.

यानंतरचं मला पुष्पाबाईंनी सांगितलं. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना होऊन माणसं जेवून गेल्यावर त्या मागे थांबल्या. भिंतीशी सतरंजीवर बसून त्यांनी मला जवळ बोलावलं. त्या भुसावळकडच्या, बोलणं आईपेक्षा वेगळं, आवाज मिलमध्ये कमावलेला.

"मृणाली, तुले एक सांगू? मले त्या खिडकीचं काय काम होतं? मले तर आमच्या घरात कुजबुजलेलंबी ऐकू येते, म्हनून तर सुनेशी पटत नाही. मी अक्काला म्हनलं, मलेबी शिवून दे. रत्नाला सांगितलं, तूबी माग."

मी त्यांच्याजवळ सतरंजीवर बसले.

"मिलपासून ठाऊक होतं गं. मी तिच्या मागून किती डाव हाका मारल्या असतील. पन तिनं नाही काढलं, तर आपन कशाला काढायचं? झुलाल तर हॉर्न वाजवायचाच नाही तिच्यासाठी. दिवा लावायचा, बंद करायचा, लावायचा, बंद करायचा. एक डाव किरण म्हने, झुलालभाऊ, दिव्याला काय झालं? तो म्हने, वायर लूज आहे साहेब."

पुष्पाबाई हसल्या आणि पदराने नाक पुसलं.

जूनच्या अखेरीस पुण्याहून एक साहेब आले. नवी मशीनं घेऊनही काम म्हणावं तसं वेगात होत नाही, ते का, हे पाहायला. त्यांनी पहिल्या तासातच बायकांच्या कमरा पाहिल्या. हे काय आहे? किरण म्हणाला, सर, पिशव्या आहेत. साहेब म्हणाले, पिशव्या दिसताहेत, खिडक्या कशाला? मशीन कानाने वापरायचं आहे. माणसं चालताना खाली बघतात, वेळ जातो, उद्या कोणी फोर्कलिफ्टखाली येईल. त्यांचं चूक नव्हतं. किरणने सगळ्यांचे पडदे बंद केले, खिडक्यांच्या पिशव्या एका खोक्यात गोळा केल्या आणि साहेब गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले.

"आम्ही अक्काला मागे मागे ठेवलं," पुष्पाबाई म्हणाल्या. "मी पुढे गेली, रत्ना गेली, वच्छलाबाई गेली. म्हनलं, तेवढ्यात जेवनाची सुट्टी होईल. पन तो मानूस काही हलेना. मंग अक्काचा नंबर आला."

आई गल्लीच्या तोंडाशी ट्रॉलीला हात लावून उभी राहिली. डोक्यावर कडी, कानात आवाज.

"मी खुना करायला पाहत होती गं. पन काय खुना करू? तिच्या कानात काय बोलून राहिलं ते फक्त तिच्या कानात. दुसऱ्या कोनाला ऐकूच येत नाही. मिलमध्ये कसं, सगळ्यांचं सगळ्यांना दिसायचं. इथं मी चार हातांवर उभी, आन् मले काही देता येईना तिले."

आईने अंदाजाने एक आकडा म्हटला. थांबली. दुसरा म्हटला. साहेब जवळ आले. ते वाईट माणूस नव्हते, असं पुष्पाबाई दोनदा म्हणाल्या. त्यांनी विचारलं, "क्या हुआ अम्मा? मशीन ख़राब है क्या?"

किरण पटकन म्हणाला, "हो सर, ते मशीन कालपासून त्रास देतंय. बदलून देतो."

साहेब मान डोलावून बाजूला व्हायला लागले होते. एवढ्यावर ते निभावलं असतं. निदान त्या दिवसापुरतं. पण आईने किरणचे ओठ पाहिले होते.

"मशीन बेस शे," ती म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज कधी कधी एकदम मोठा निघतो, तसा निघाला. चार गल्ल्यांपर्यंत गेला. "मशीनले काही झायं नही, किरण. मालेच ऐकू येत नही."

तिने कडी डोक्यावरून काढली, पदराने माईक पुसला, पट्टा सोडला आणि सगळं नीट गुंडाळून चार्जिंगच्या खुंटीवर अडकवलं. मग डब्याची पिशवी घेतली आणि गेटपर्यंत चालत गेली. झुलालने गाडी बंद करून ठेवली होती.

"मी मागे पळाली," पुष्पाबाई म्हणाल्या. "ती म्हने, जाय तू, कामावर जाय. मी म्हनलं, अक्का, बोलली कशाला व? चाललं होतं ना. ती म्हने, चांगल्या मशीनले नाव ठेवं त्यासनी. ते मनं बठ्ठं ऐके."

त्या रात्री आईचा मला फोन आला नव्हता. पावसाने लाइन गेली असेल, असं मी धरलं होतं.

दोन-तीन दिवसांनी, मी घरी असताना किरण आला. बूट दाराबाहेर काढून, हेल्मेट मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकाला बसला. आई जमिनीवर बसली होती, त्याच्या तोंडाकडे पाहत. तो माझ्याशी बोलत होता आणि मी त्याला म्हटलं, तिच्याकडे बघून बोला.

तो वळला. जरा लाजला. एकेक शब्द वेगळा काढून मोठ्याने म्हणाला, "अक्का. खणांमध्ये. नाही. चालणार. फोर्कलिफ्ट. असते."

"हळू बोलना तरी चाली," आई म्हणाली. "ओरडीसन ओठ वाकडा व्हतस, मंग समजत नही."

किरण हसला आणि मग सरळ बोलला. लेबलं लावायचं एक टेबल होतं, कोपऱ्यात, जाळीच्या आत. तिथे गाडी येत नाही. साहेबांनी तिथे ठेवायला हरकत घेतली नव्हती. फक्त कंपनीला सरकारी दवाखान्याचा दाखला लागणार होता.

"कसाना दाखला?"

किरणने माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, "ऐकू येत नाही, याचा."

किरणसमोरचा चहाचा कप आईने थोडा त्याच्याकडे सरकवला.

"मी सांगं ना त्यासले, बठ्ठ्यासना देखता," ती म्हणाली. "आखो कागद कसाले?"

पण दाखल्यासाठी ती गेली. मला सांगायला हवं की ते टेबल तिला मिळालं. जुलैपासून शेवटपर्यंत ती त्याच्यामागे बसली; पुष्पाबाई जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडे जाऊन बसायच्या, बाकीच्याही जायच्या. खणांतून चालणं तिचं संपलं. "बसीसन पाय जड व्हतस," ती म्हणायची, एवढीच तक्रार. रात्रीचे फोन आखूड झाले. आठला फोन यायचा, ती दोन वाक्यं बोलायची आणि मग आम्ही दोघी तशाच फोन धरून बसायचो. तिच्याकडचा पंखा मला ऐकू यायचा. अजून आठ वाजले की मी फोन हातात घेते आणि ठेवून देते.

किरण येऊन गेल्यावरच्या सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो. आईने पांढऱ्या काठांचं निळं लुगडं नेसलं होतं, जे ती फक्त चौदा एप्रिलला आणि लग्नाकार्याला काढायची. कान तपासायच्या खोलीच्या आत आणखी एक खोली होती: लाकडी खोक्यासारखी, जाड दाराची, एका बाजूला काच. आतून भिंतींना स्पंज लावलेला. काचेच्या अलीकडे सविता मॅडम यंत्रासमोर बसायच्या. तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी आईला आत बसवलं, दोन्ही कानांवर फोन चढवले, हातात वायरचं एक बटण दिलं आणि खुणांनी सांगितलं: आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक आला तरी.

आईने मान हलवली. दार लागलं. मी मॅडमच्या मागे उभी राहिले.

आईने बटण दाबलं. यंत्रावर हिरवा दिवा लागला. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. मग पुन्हा. चेहरा शांत, मान किंचित तिरपी. नीट ऐकणारं माणूस कसं दिसतं ते ती अनेक वर्षं पाहत आली होती. दिवा लागत होता, विझत होता.

सविता मॅडम माझ्याकडे वळल्या. "ताई," त्या हळूच म्हणाल्या, "मी अजून आवाज सुरूच केला नाही."

मी काचेतून पाहत होते. आईने आणखी एकदा दाबलं.

"असं करणारे बरेच येतात," मॅडम म्हणाल्या. "म्हातारी माणसं. घाबरतात. तुम्ही आत जाऊन सांगा."

दार ओढायला जड होतं. आत गेल्यावर बाहेरचं सगळं बंद झालं; माझा स्वतःचा श्वास मला मोठा वाटला. मी आईसमोर उकिडवी बसले. तिने एका कानावरचा फोन बाजूला सरकवला, काय सांगते ते ऐकायचं आहे अशा थाटात.

"आई," मी म्हटलं, "ऐकू आलं तरच दाबायचं."

"तशीच दाबस ना."

"त्यांनी अजून आवाज दिलाच नाहीये."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी शब्द गिळले असतील, ओठ वाचताना आपली चूक झाली असेल, असं तिला वाटलं असावं. मी पुन्हा सांगितलं नाही. तिने बटणाकडे पाहिलं.

"तुले ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"हो."

"कवयपाईन?"

"खूप आधीपासून. कुकर लावून तू शिटीकडे बघत उभी राहायचीस."

तिच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. "आन् मी समजू, तू धुळाले ऱ्हास, तुले काय समजनार," ती म्हणाली. मग तिने माझ्या खांद्याला धरून मला उठवलं. "जाय. बाई बसेल शे तठे. तिना टाइम नको खाऊ."

मी बाहेर आले. दार लागलं. सविता मॅडमनी आकडा लहान ठेवून सुरुवात केली आणि बोटाने चकती पुढे पुढे फिरवत नेली. उजवा कान, मग डावा, मग पुन्हा उजवा. हिरवा दिवा लागला नाही. शेवटी आवाज इतका वाढला की जाड काचेतून, स्पंजमधून, आईच्या कानांवरच्या त्या फोनांमधून तो बारीक शिटीसारखा बाहेर माझ्यापर्यंत आला.

आई पाठ ताठ करून बसली होती. मान आता तिरपी नव्हती. डोळे काचेतून सरळ माझ्याकडे होते, आणि बटण मांडीवर ठेवून तिने अंगठा मुठीत मिटून घेतला होता.